नागमोडी रेषेचा प्रश्न : काचेआडचा ओढा आणि निसर्गाची संहिता

१

चित्राच्या खोटेपणाविषयी सौंदर्यशास्त्राने पुष्कळ विचार केला आहे. ओढ्याच्या खोटेपणाविषयी फारच थोडा. एखादे चित्र नक्कल ठरले की त्याचे मोल उतरते, याविषयी सहसा दुमत नसते. वाद असतो तो हे मोल केवळ बाजारातले की अनुभवातलेही, एवढ्यापुरता. नेल्सन गुडमन याने १९६८ साली 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात हा वाद नव्याने उभा केला आणि तेव्हापासून तो समीक्षेच्या नित्य परिचयाचा झाला. ओढ्याच्या बाबतीत मात्र खोटेपणा म्हणजे नेमके काय, हेच सांगणे अवघड जाते. पाणी खरे असते, दगडगोटे खरे असतात, मासे जिवंत असतात. तरीही पाण्याची वाट माणसाने वळविलेली असेल, मासे माणसाने आणून सोडलेले असतील आणि पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे हेही आधीच ठरविलेले असेल, तर जे दिसते त्याला निसर्ग म्हणावे काय? आणि ते निसर्ग म्हणून दाखविले, तर त्यात पाहणाऱ्याचा काही अपराध घडतो काय?

'निसर्गकेंद्र' या नावाने अमेरिकेत जी संस्था रूढ झाली, तिने हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातून काढून रस्त्यावर आणला. प्राणिसंग्रहालयात पिंजरा दिसतो, मत्स्यालयात टाकी दिसते. तेथे मांडणारा आणि पाहणारा यांच्यात एक उघड करार असतो. निसर्गकेंद्राची सारी धडपड पिंजरा आणि टाकी दिसू नये यासाठी असते. तेथील वाट जणू आपोआप पडलेली, तेथील तळे जणू आपोआप साचलेले, आणि तेथील प्राणी जणू सहज त्या क्षणी समोर आलेला, असा प्रत्यय घडविणे हे त्या संस्थेचे कौशल्य मानले जाते. कला लपविण्यातच कला आहे, हे जुने साहित्यशास्त्रीय सूत्र येथे जमीन, पाणी आणि जिवंत मासा यांना लावलेले दिसते.

या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष स्थळाच्या आधारे करणे सोयीचे होईल. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर ताहो हे विशाल सरोवर आहे. त्याला दक्षिणेकडून मिळणाऱ्या टेलर क्रीक नावाच्या ओढ्याकाठी अमेरिकेच्या वन खात्याचे निसर्गकेंद्र आहे. कुरण, दलदल आणि लहान तळी यांच्या कडेने एक छोटी वाट जाते आणि वाटेत एक अर्धवट भूमिगत दालन लागते. ओढ्याचा एक फाटा वळवून या दालनालगत आणला आहे, आणि दालनाच्या भिंतीत पाण्याच्या पातळीखाली मोठ्या काचा बसविल्या आहेत. प्रेक्षक कोरड्या पायांनी उभा राहतो आणि ओढ्याचा उभा छेद पाहतो : वर चकाकणारा पृष्ठभाग, खाली वाळू आणि गोटे, मध्ये प्रवाहाला तोंड देत स्थिर राहिलेले ट्राउट. शरद ऋतूत या ओढ्यात कोकॅनी सॅमन हे मासे सरोवरातून चढून येतात. अंडी घालण्याच्या काळात त्यांचे अंग लालभडक होते, आणि अंडी घालून झाली की ते मरतात. हा सोहळा पाहावयास दरवर्षी मोठी गर्दी लोटते.

हे दृश्य सुंदर आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की हे सौंदर्य कशाचे आहे.

२

कांटच्या तिसऱ्या 'क्रिटीक'मधील (१७९०) बेचाळिसाव्या परिच्छेदात या प्रश्नाशी थेट भिडणारा एक दृष्टान्त आला आहे. मराठी समीक्षेत, विशेषतः रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'नंतर (१९७४), कांटची चर्चा झाली ती मुख्यतः आस्वादविधानाच्या स्वरूपाविषयी. हा परिच्छेद त्या मानाने कडेला राहिला. उन्हाळ्यातील शांत संध्याकाळ, मंद चांदणे, झुडपात गाणारा नाइटिंगेल : कवींनी याहून अधिक काय वाखाणले आहे, असे विचारून कांट एका मिस्कील यजमानाची गोष्ट सांगतो. परिसरात पक्षी नसल्यामुळे पाहुण्यांच्या सुखासाठी हा यजमान झुडपात एक चलाख पोरगा लपवितो. तो बोरूच्या किंवा लव्हाळ्याच्या नळीतून हुबेहूब पक्ष्याचा आवाज काढतो. पाहुण्यांना युक्ती कळली की मात्र जे गाणे क्षणापूर्वी मोहक वाटत होते तेच कोणाला फार वेळ ऐकवत नाही.

ध्वनीत तिळमात्र फरक पडलेला नसताना आनंद का ओसरतो? कांटचे उत्तर असे की निसर्गसौंदर्याविषयीची आपली आस्था केवळ आकाराविषयी नसते. हे सौंदर्य कोणीही आपल्यासाठी योजलेले नाही, तरी ते आपल्या मनाशी जुळते, या जाणिवेत त्या आस्थेचे मूळ असते. कांटच्या मते या आस्थेचे नैतिक वृत्तीशी जवळचे नाते आहे. म्हणून यजमानाच्या युक्तीने पाहुण्यांचा आनंद तर जातोच, शिवाय त्यांच्या विश्वासाला तडा जातो. मानवी हेतूच्या पलीकडचे काही ऐकत आहोत, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांना त्यांच्याच करमणुकीसाठी रचलेला एक हेतू ऐकू येत होता.

टेलर क्रीकच्या काचेला हा दृष्टान्त लावू गेल्यास तो अर्धाच बसतो. तेथे झुडपात लपविलेला पोरगा नाही. मासा मासाच आहे. तो कोणाच्या सांगण्यावरून लाल होत नाही, आणि त्याचे मरण अभिनय नव्हे. यजमानाने येथे नक्कल केलेली नाही. दुसऱ्या अरण्यातला खरा नाइटिंगेल आणून त्याने या झुडपात सोडला आहे, आणि पूर्वी या झुडपात कोण गात होते याचा उल्लेख आवाज न चढविता, जाता जाता केला आहे. कांटने ही शक्यता विचारात घेतलेली नाही. निसर्गकेंद्राचा नैतिक प्रश्न नेमका येथून सुरू होतो.

३

कोकॅनी हा पॅसिफिक किनाऱ्यावरील सॉकाय सॅमनचा, समुद्राकडे न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा प्रकार. ताहो सरोवरात तो १९४४ साली माणसाच्या हातून आला. म्हणजे ज्या सोहळ्याकडे प्रेक्षक युगानुयुगांचे ऋतुचक्र म्हणून पाहतो, त्याचे या ओढ्यातील वय एका माणसाच्या आयुष्याएवढेच आहे. ओढ्यातील इतर परिचित मासेही बहुतेक पाहुणेच आहेत. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. इंद्रधनुषी पट्ट्याचा रेनबो ट्राउट पॅसिफिकच्या बाजूच्या नद्यांतला, पर्वतापलीकडून आणलेला. ट्राउटची ही भ्रमंती केवळ अमेरिकेपुरती नाही. भारतीय वाचक ज्या ट्राउटला काश्मीरचा मासा म्हणून ओळखतो, तोही इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, साहेबांच्या गळाच्या हौसेपायी तेथे आला.

ताहोचा स्वतःचा ट्राउट वेगळा होता. हनुवटीखाली तांबड्या रेघा असलेला, म्हणून 'कटथ्रोट' म्हणजे गळाकापलेला या नावाने ओळखला जाणारा लाहोंटन कटथ्रोट. वॉशो लोक उन्हाळ्यात ताहोच्या काठी येत आणि या ओढ्यांत त्याची मासेमारी करीत. ताहोतून निघून वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात संपणाऱ्या ट्रकी नदीतही तोच होता. आणि पिरॅमिड सरोवरातील पायूट लोकांच्या जीवनाचा तो आधार होता. त्याचा आकार सामान्य नव्हता : १९२५ साली पिरॅमिड सरोवरात पकडलेल्या एका माशाचे वजन ४१ पौंड भरल्याची नोंद आहे.

१८५९ नंतर नेव्हाडात कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणी सुरू झाल्या आणि खाणींच्या आधारासाठी ताहोभोवतीचे अरण्य मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. ओढे गाळाने भरले. व्यापारी मासेमारीने सरोवर उपसले गेले; ती बंद झाली १९१७ साली, पण तोवर उशीर झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळाच्या मासेमारीसाठी लेक ट्राउट हा मोठा भक्षक मासा सरोवरात सोडला गेला. १९०५ साली ट्रकी नदीवर शेतीच्या पाण्यासाठी डर्बी धरण बांधले गेले. नदीचे पाणी दुसरीकडे वळले, पिरॅमिड सरोवराची पातळी खाली गेली आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढण्याची माशाची वाट तुटली. १९४० च्या सुमारास ताहो आणि पिरॅमिड या दोन्ही सरोवरांतून मूळ कटथ्रोट नाहीसा झाला. कोकॅनी आला तो या रिकाम्या झालेल्या जागेत.

हा इतिहास वन खात्याने लपविलेला नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. केंद्राच्या माहितीत १९४४ हे साल आढळते. कटथ्रोटविषयीही तेथे सांगितले जाते, आणि फॉलन लीफ या टेलर क्रीकच्या उगमसरोवरात त्याला पुन्हा रुजविण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले आहेत. म्हणून येथे उघड असत्याचा आरोप संभवत नाही. तरीही संहितेचे विश्लेषण करणाऱ्याला एक भेद विसरता येत नाही : संहिता जे सांगते ते वेगळे आणि तिची रचना जे घडविते ते वेगळे. भिंतीवरची पाटी सांगते की हा मासा आणलेला आहे. दालनाचा अंधार, काचेमागचा उजेड, पाण्याचा आवाज आणि माणसाच्या कोणत्याही खुणेचा जाणीवपूर्वक अभाव ही सारी रचना मात्र सांगते की येथे सर्व काही सनातन आहे. पाटी माहिती देते, रचना प्रत्यय देते. आणि प्रत्ययापुढे माहिती सहसा टिकत नाही. घरी परतणारे मूल लाल मासे घेऊन जाते, साल घेऊन जात नाही.

४

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट याने १९८२ साली 'फेकिंग नेचर' या निबंधात या प्रश्नाला पहिले निश्चित रूप दिले. खाणीसाठी उद्ध्वस्त केलेली जमीन नंतर होती तशी करून देऊ, त्यामुळे कायमचे नुकसान होणार नाही, असे आश्वासन कंपन्या देत असत. एलियटने हे आश्वासन बनावट चित्राच्या शेजारी ठेवले. दोन भूभाग दिसण्यात एकसारखे असले तरी त्यांची घडण वेगळी असेल तर त्यांचे मोल एक नसते, कारण मोलात उत्पत्तीचा इतिहास अंतर्भूत असतो. एरिक कॅट्झ याने १९९२ साली एक पाऊल पुढे टाकून असे म्हटले की पुनर्घटित निसर्ग हा निसर्गच नव्हे. तो मानवी हेतूंनी घडविलेला पदार्थ आहे, आणि त्याला निसर्ग म्हणणे ही एक मोठी थाप आहे.

या युक्तिवादांत बळ आहे. मोडतोडीपूर्वीच मोडतोडीची माफी मिळविण्याचा मार्ग ते बंद करतात. परंतु कॅट्झची भूमिका शेवटपर्यंत नेली तर एक विपरीत निष्कर्ष हाती येतो. जे एकदा माणसाने बिघडविले त्याकडे पुन्हा हात लावणे म्हणजे नवे असत्य, असे मानले तर बिघडविणाराच अंतिम लेखक ठरतो. ज्या पायूट लोकांच्या सरोवरातून मासा गेला त्यांनी तो परत आणू नये, कारण आणलेला मासा 'खरा' नसेल, असे त्यांना सांगणे तत्त्वज्ञानाच्या नावाने केलेली क्रूरता होईल.

येथे भारतीय नाट्यविचारातील एक जुना वाद उपयोगी पडतो. रामाची भूमिका करणाऱ्या नटाविषयी प्रेक्षकाला होणारे ज्ञान कोणत्या जातीचे, या प्रश्नाला श्रीशंकुकाने चित्रतुरगन्यायाने उत्तर दिले. चित्रातील घोड्याकडे पाहून 'हा घोडा' असे जे ज्ञान होते ते यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे; ते या चारांहून वेगळे असते. प्रेक्षक फसत नाही, आणि तरीही रंगतो. निसर्गकेंद्राचा कोणताही समर्थक या न्यायाचा आनंदाने आश्रय घेईल : पाहणाऱ्याला वळविलेला ओढा ठाऊक असतो, तो त्याला चित्रतुरगाप्रमाणे पाहतो, मग अपराध कोणाचा?

पण अभिनवगुप्ताने आपला गुरू भट्टतौत याच्या आधारे शंकुकावर घेतलेला एक आक्षेप येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. अनुकरण अनुकरण म्हणून कळावयाचे तर मूळ पाहिलेले असावे लागते. राम कोणी पाहिला आहे? मूळ अदृष्ट असताना समोरचा नट त्याचे अनुकरण करतो हे प्रेक्षकाने कशावरून ठरवावे? रंगभूमीच्या संदर्भात या आक्षेपाने अनुकृतिवादाचा पाया काढून घेतला आणि रसविचार वेगळ्या मार्गाने गेला. ओढ्याच्या संदर्भात हाच आक्षेप नैतिक बनतो. कटथ्रोटांनी भरलेला टेलर क्रीक आज काचेसमोर उभ्या असलेल्या कोणीही पाहिलेला नाही. म्हणून समोरचा ओढा कशापासून किती ढळला आहे, हे त्याच्या अनुभवातून त्याला कधीच कळू शकत नाही. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहते त्यालाच मूळ मानते. चित्रतुरगन्याय लागू पडतो तो ज्याला घोडा माहीत आहे त्याला. ज्याने घोडाच पाहिला नाही, त्याच्यापुढे चित्र ठेवणाऱ्यावर एक वेगळे उत्तरदायित्व येते.

५

मूळ कोणी पाहिलेले नाही, ते पूर्णतः परत मिळणार नाही, आणि तरीही समोर काहीतरी ठेवणे भाग आहे : ही अवस्था साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही. पाठचिकित्सा याच अवस्थेतून जन्मली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि मूळ संहितेचे खंड १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुकथनकरांनी १९३३ साली आदिपर्वाला जोडलेल्या प्रस्तावनेत संपादनाची जी तत्त्वे मांडली त्यांत एक विलक्षण संयम आहे. व्यासांनी रचलेले आद्य महाभारत आपण परत मिळवून देत आहोत, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल इतके जुने रूप सिद्ध करणे, एवढेच साध्य त्यांनी समोर ठेवले. आणि जेथे पाठाविषयी खात्री नव्हती तेथे त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेषा छापली.

ती बारीक रेषा भारतीय ग्रंथसंपादनातील एक मोठी नैतिक कृती आहे. वाचनाचा ओघ ती थांबवीत नाही. श्लोक श्लोक म्हणून वाचता येतो, त्याचा आनंद घेता येतो. पण येथे संपादकाचा हात आहे, येथे निश्चिती नाही, हे ती वाचकाला त्या जागीच सांगते. प्रस्तावनेत किंवा परिशिष्टात नव्हे, तर अक्षराच्या पायाशी. टेलर क्रीकची पाटी आणि सुकथनकरांची रेषा यांत हाच भेद आहे. पाटी अनुभवाच्या बाहेर उभी असते, रेषा अनुभवाच्या आत.

ही तुलना आणखी पुढे जाते. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा भारतीय मनात खोल रुजलेली आहे. चिकित्सित आवृत्तीत ती मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. ती उत्तरकालीन भर आहे म्हणून तिची गोडी कमी झाली नाही. फक्त तिची जागा स्पष्ट झाली. कोकॅनीचा लाल सोहळा हा या अर्थाने ताहोच्या संहितेतील लोकप्रिय प्रक्षेप आहे. प्रक्षेपावर प्रेम करण्यात गैर काही नाही. तो मूळ म्हणून वाचला जाऊ नये, एवढीच चिकित्सेची मागणी असते.

आणि संहिता कधी कधी अनपेक्षित जागी जगते. आदिपर्वाच्या संपादनात काश्मीरची शारदा आणि दक्षिणेची मल्याळम हस्तलिखिते मोलाची ठरली; परंपरेच्या कडेवर जुने पाठ टिकून राहिले होते. पिरॅमिड सरोवराच्या माशाचेही असेच झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, युटा आणि नेव्हाडाच्या सीमेवरील पायलट पीक या डोंगरावरच्या एका लहानशा ओढ्यात कटथ्रोट आढळले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोणीतरी ते तेथे नेऊन सोडले असावेत. संग्रहालयांत जपलेल्या जुन्या नमुन्यांशी पुढे केलेल्या जनुकीय तुलनेने ते पिरॅमिडच्याच वंशाचे असल्याचे दिसून आले. २००६ पासून त्यांची संतती पिरॅमिड सरोवरात सोडली जाऊ लागली, आणि २०१४ मध्ये ट्रकी नदीत त्यांनी अंडी घातल्याचे दिसले. मानवी हस्तक्षेपामुळे जे नष्ट झाले तेच दुसऱ्या एका मानवी हस्तक्षेपामुळे एका नकलेत उरले होते. 'माणसाचा हात लागला की असत्य' या कॅट्झच्या समीकरणाला याहून समर्पक उत्तर शोधून सापडणार नाही.

६

तथापि प्रत्येक उपमानाची मर्यादा असते, आणि या उपमानाची मर्यादा हेच या चर्चेचे खरे मर्म आहे. वगळलेला श्लोक तळटीपेत सुखाने राहतो. वगळलेल्या माशाला तळटीप नसते. पाण्यात दोन पाठ शेजारी शेजारी छापता येत नाहीत. एक दुसऱ्याला खातो. लेक ट्राउट राहील तेथे कटथ्रोटाची पिल्ले वाढणे कठीण, आणि कटथ्रोट परत आणावयाचा तर कोणते तरी आलेले मासे काढावे लागतात. कागदावरची पाठनिवड ही विद्वत्तेची बाब असते. ओढ्यातली पाठनिवड ही जीवघेणी असते.

टेलर क्रीकवरील बीव्हरचा वृत्तान्त हे दाखवितो. हा प्राणी झाडे पाडून, फांद्या आणि चिखल रचून ओढ्यावर बांध घालतो. त्यामागे पाणी साचून तळी होतात, त्यांभोवती दलदल वाढते. 'नैसर्गिक' आणि 'घडविलेले' यांच्या व्याख्येला तो स्वतःच एक जिवंत आक्षेप आहे, कारण त्याची तळी ही निसर्गाचीच बांधकामे असतात. कोकॅनींना वर चढता यावे म्हणून येथे शरद ऋतूत त्याचे बांध मोडण्यात आले आहेत. विसाव्या शतकात प्राणिशास्त्रज्ञांचा असा समज होता की उंच सिएरा नेव्हाडात बीव्हर मुळचा नव्हे. १९३४ ते १९४९ या काळात ताहोच्या परिसरात तो माणसाने सोडला, म्हणून तोही पाहुणाच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हा समज उलटविला : उत्तर सिएरात गाळाखाली गाडलेल्या एका बीव्हरबांधातील लाकडाचे वय इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत मागे जाते, असे त्यात दिसून आले. म्हणजे १९४४ साली आणलेल्या माशाच्या उत्सवासाठी, कदाचित दीड हजार वर्षांच्या रहिवाशाचे घर परका म्हणून मोडले जात होते. प्रक्षेपाच्या सोयीसाठी मूळ पाठ खोडण्याचा हा प्रकार.

यातून 'मूळ' ही कल्पना टाकाऊ ठरत नाही. ती नेहमी पुराव्याच्या अधीन असते, एवढेच सिद्ध होते. कोणता पाठ मूळ हे उद्या बदलू शकते, म्हणूनच आजच्या निर्णयाखाली रेषा हवी. जो संपादक रेषा घालीत नाही त्याला चूक दुरुस्त करण्याची वाट राहत नाही, आणि त्याच्या चुकीचे मोल दुसरा कोणी जीव देतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. काचेपुढे उभ्या राहिलेल्या मुलाच्या निखळ आनंदात नाहीशा झालेल्या माशाचा शोक कालविण्याचा अधिकार कोणाला? ज्ञानाने विस्मय मरतो, ही भीती जुनी आहे. पण कांटच्या पाहुण्यांचा आनंद ज्ञानाने मेला नव्हता. आपल्याला अज्ञानात ठेवण्याची योजना होती, हे कळल्याने तो मेला. ज्याला वाचण्यापूर्वीच नागमोडी रेषा दाखविली आहे त्याच्यावर रसभंगाची पाळी येत नाही. उलट त्याच्या पाहण्यात एक गोष्ट अधिक येते : पाण्यात जे आहे त्याबरोबर जे नाही तेही त्याला दिसू लागते. २०२२ मध्ये टेलर आणि टॅलॅक ओढ्यांच्या दलदलीत पसरलेली परकी पाणवनस्पती मारण्यासाठी तळ्यांच्या तळावर काळी आवरणे अंथरण्यात आली. दृश्य म्हणून ती कुरूप होती. पण निसर्ग 'तसाच आहे' या भ्रमाला तेथे जागा नव्हती; काम चालू आहे, निर्णय माणसाचा आहे आणि तो चुकूही शकतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला उघड दिसत होते. निसर्गकेंद्राने सौंदर्याच्या नावाखाली जी रेषा झाकली होती ती त्या कुरूपतेने उघडी केली.

म्हणून निसर्गसदृश ओढा बांधणे हा अपराध नव्हे. त्यात आणलेले मासे सोडणे हाही, परिणामांची जबाबदारी घेतली तर, आपोआप अपराध ठरत नाही. अपराध घडतो तो मांडणीने 'येथे कोणाचा हात नाही' असे म्हटले म्हणजे. कारण त्या एका विधानाने तीन जणांचे ऋण एकाच वेळी बुडते : पाहणाऱ्याचे, ज्याला प्रत्ययावर विश्वास ठेवण्यास शिकविले, त्या पाण्यावर जगलेल्या वॉशो आणि पायूट लोकांचे, ज्यांचा इतिहास त्या स्वच्छ काचेतून पुसला जातो, आणि त्या माशाचे, ज्याची जागा भरली गेल्यामुळे ती रिकामी झाली होती हेही कोणाला दिसत नाही. साहित्याच्या क्षेत्रात प्रक्षेपाला मूळ म्हणून खपविणाऱ्या संपादकाला क्षमा नसते. ज्या क्षेत्रात खोडलेल्या ओळी श्वास घेत असतात, तेथे कसोटी याहून सैल असण्याचे कारण दिसत नाही.